पेरुना
अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी अफाट खपलेले सर्दी-पडशावरील ‘पेटंट’ औषध. ओहायओ राज्यातील कोलंबस येथील डॉ. सॅम्युएल हार्टमन याने ते बाजारात आणले. दुखणे फुप्फुसाचे असो वा पोटाचे, मूळ श्लेष्मल त्वचेच्या दाहातच, अशी त्याची सोयीस्कर उपपत्ती होती. औषधात सुमारे २८ टक्के अल्कोहॉल असे; घोट घेताच रुग्णास हुशारी वाटे, यात नवल नाही. १९०५ मध्ये सॅम्युएल हॉप्किन्स ॲडम्स याने ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकातील लेखमालेत हे बिंग फोडले. मद्यपरवान्याचा बडगा दिसताच त्यात रेचक द्रव्ये मिसळण्यात आली आणि हौसेने पिणाऱ्यांची पंचाईत झाली. १९०६ च्या संघीय कायद्याने अशा औषधांच्या लेबलावर अल्कोहॉल, अफू इत्यादींचे प्रमाण छापणे सक्तीचे केले.