जुन्या ठासणीच्या बंदुकांची परीक्षा : उदगीरच्या संदर्भात

‘ही उदगीरच्या लढाईतील बंदूक’ अशी कथा चिकटलेले एखादे शस्त्र पुढे आले, तर त्याची परीक्षा कोठून आरंभावी, हा प्रश्न मराठवाड्याच्या अभ्यासकास टाळता येण्याजोगा नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निजामाचा पराभव करणाऱ्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्यात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्या. बंदूक खरी ठरली तर त्यांच्या शस्त्रास्त्रांविषयी प्रत्यक्ष पुरावा हाती येतो. खोटी असून खरी मानली गेली तर ती चूक ग्रंथांतून पुसून काढणे दुरापास्त होते.

बंदुकीचा घोडा टोपीवर पडणारा असेल, तर ती रचना १७६० ची असूच शकत नाही. आघाताने पेटणाऱ्या दारूचे फोर्साइथ यांचे पेटंट १८०७ चे. तांब्याची टोपी त्यानंतरची. तथापि एवढ्यावरून बंदूक त्याज्य ठरविणे हा उतावीळपणा होय. तोड्याच्या वा चकमकीच्या बंदुकीस नवा घोडा बसवून घेण्याची रीत सर्वत्र होती. चांगली नळी कोण टाकून देतो? म्हणून नळी आणि घोडा यांचे वय स्वतंत्रपणे ठरवावे. बुजविलेला काना, दस्त्यातील जुन्या खाचांत भरलेले लाकूड, या प्रामाणिक दुरुस्तीच्या खुणा होत. उलट नळीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा मूळ शिक्का आढळला, तर उदगीरचा दावा तेथेच संपतो. ते परीक्षागृह १८१३ चे.

खरी अडचण किंमत वाढविण्यासाठी केलेल्या सजावटीची. कोफ्तगरीची सोन्याची तार गंजाच्या खड्ड्यांत उतरलेली असेल, तर नक्षी गंजानंतरची. हाताळणीने झिजणारा भाग झिजलेला आणि त्यावरील अक्षरे मात्र तीक्ष्ण, हेही संशयास्पदच. कोरलेले वर्ष तर विशेष तपासावे. लढाईचे हिजरी वर्ष ११७३. शक १६८१, कारण चैत्र अद्याप लागावयाचा होता. १७६० मधून सरधोपट ७८ वजा करणारा शक १६८२ कोरून बसतो.

धातूइतकेच महत्त्व ताब्याच्या इतिहासास आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात श्रीगुरु गोविंदसिंगांची (निधन १७०८) म्हणून जतन केलेल्या शस्त्रांमागे संस्थेची अखंड परंपरा उभी आहे. बाजारातून आलेल्या बंदुकीमागे बहुधा केवळ विक्रेत्याची जीभ असते. अशा वेळी नळी राखेने वा लिंबाने उजळण्यापूर्वी तिची छायाचित्रे व मापे घ्यावीत. गंजाबरोबर पुरावाही निघून जातो.