राजौरीचा रस्ता

वीर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तलवार उभी राहते. रामा राघोबा राणे यांच्या वाट्यास आले ते सुरुंग उपसण्याचे काम. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे १९४० साली मुंबई सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशच्या मोहिमेत बुथिडौंग येथे मागे राहून त्यांनी दारूगोळा उडवून दिला, आणि जपानी फळी ओलांडून ते आपल्या सैन्यास येऊन मिळाले. डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. (बढतीची वाट पाहणाऱ्या आम्हां कारकुनांस हेवा वाटावा अशीच ही चढती!)

चार महिन्यांनी नौशेऱ्याहून राजौरीकडे फौज निघाली. राजौरी नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या ताब्यात होती. तेथे भीषण कत्तल झाली होती. रणगाड्यांवाचून पुढे जाणे कठीण, आणि रणगाड्यांना तर रस्ताच नाही. ८ एप्रिल १९४८ रोजी उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांचे दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत ते स्वतः होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरी ओढून चालकास इशारे देत, त्यांनी सुरुंगांतून वाट काढली. पुढे मशीनगनच्या माऱ्यात, आडव्या पाडलेल्या पाच चीड वृक्षांचा अडथळाही त्यांनी दूर केला. ११ तारखेस चिंगसपर्यंत वाट मोकळी झाली. त्या एका दिवशी ते १७ तास राबले. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली.

परमवीरचक्र हयातीत मिळालेले ते पहिले वीर. १९६८ साली ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले.