परमुलखाची मिळकत आणि विवाहाचा परवाना

धर्मग्रामाच्या कचेरीत विवाहाचा दाखला मागावयास येणारी माणसे पूर्वी तो शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवण्यासाठी नेत. आता पुष्कळदा तो परदेशी सरकारच्या कागदांना जोडायचा असतो. मध्यंतरी एक शेतकरी गृहस्थ असाच दाखला नेण्यास आले. त्यांची कन्या ब्रिटनमध्ये दिलेली, जावई तेथला नागरिक. विवाहाच्या आधारावर मिळालेल्या तिच्या परवान्याची मुदत सरत आली होती. दाखला हाती घेऊन ते म्हणाले, “फादर, लग्न झाल्याचे तुमच्या वहीत लिहिलेले आहे. पण लेकीच्या नावावरच्या खोल्यांचे भाडे दरमहा रोख हातात येते, आणि कमी पडले तर माझी केळीची बाग आहे. हे सारे मी कोणत्या वहीत दाखवू?”

त्या प्रश्नाला गेल्या सुमारे अर्धशतकाचा इतिहास आहे. तो पाहण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परक्या मुलखातील माणसाच्या विवाहाची चौकशी करणे हे काही पाप नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेच १५६३ साली धर्मगुरूंना बजावले होते, की ठावठिकाणा नसलेल्या भटक्या माणसांचे विवाह कसून चौकशी केल्यावाचून लावू नयेत. परंतु त्या चौकशीचा रोख एवढाच होता, की हा मनुष्य विवाहास मोकळा आहे काय? ब्रिटिश शासनाने कालांतराने निराळे प्रश्न विचारले. प्रथम विचारले, ‘विवाह कशासाठी केला?’ आणि पुढे विचारले, ‘कमावता किती, आणि कोठे?’

राष्ट्रकुलातील प्रजाजनांच्या ब्रिटन-प्रवेशावर १९६२ च्या कायद्याने प्रथम बंधन घातले. मग संशयाची नजर विवाहाकडे वळली. १९७९ च्या प्रारंभी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य-तपासणी झाल्याचे उघडकीस आले आणि सर्वत्र संताप उसळला. १९८० च्या नियमांत ‘मुख्य हेतू’ची अट आली. ब्रिटनमध्ये वस्ती करता यावी हा विवाहाचा मुख्य हेतू नव्हता, हे दाखवण्याचा भार पुढे १९८३ मध्ये अर्जदाराच्याच शिरावर टाकण्यात आला. मनात जे नव्हते त्याचा पुरावा माणसाने आणावा कोठून? भारतीय उपखंडातील कितीतरी नवऱ्यांचे अर्ज याच अटीवर फेटाळले गेले.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणता येई; स्त्रीला मात्र पती आणणे दुष्कर होते. हा अन्याय तीन स्त्रियांनी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेला. त्यांपैकी अब्दुलअझीझ ही मलावीत जन्मलेली, भारतीय वंशाची. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने लिंगभेदाचा आक्षेप मान्य केला. शासनाने समता आणली खरी, परंतु पतींची वाट रुंद करून नव्हे, तर पत्नींची वाट अरुंद करून! ‘मुख्य हेतू’ची अट अखेर जून १९९७ मध्ये रद्द झाली.

हेतूची परीक्षा संपली, तरी उत्पन्नाची होतीच. सरकारी साहाय्यावाचून दांपत्याचा निर्वाह झाला पाहिजे, अशी ती अट होती. तीत आकडा नव्हता. आप्तांचे साहाय्य निर्वाहात धरता येते, असा निर्वाळा ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये दिला. शेतकरी बापाच्या केळीच्या बागेला त्या दिवशी मोल आले, असे म्हणता येईल. ते फार दिवस टिकले नाही. ९ जुलै २०१२ पासून वार्षिक १८,६०० पौंडांची निश्चित रेषा आखण्यात आली. ब्रिटिश वा तेथे स्थायिक नसलेले मूल सोबत असेल तर ती आणखी वर चढे. केवळ बचतीवर भागवायचे तर ६२,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागत. आप्तांच्या मदतीचे आश्वासन हिशेबातून बाद झाले.

या नियमांत पैशापेक्षा पैशाच्या जन्मस्थानाला महत्त्व आहे. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराचा मायदेशातील पगार कितीही असो, पहिल्या अर्जात तो धरला जात नाही. सुमारे अडीच वर्षांनी परवाना वाढवताना त्याचा ब्रिटनमधला पगार मात्र धरतात. मायदेशातील घरभाडे किंवा निवृत्तिवेतन चालते. पण भाड्यासाठी मालकीचा कागद हवा, भाडेकरार हवा आणि बारा महिने ती रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेचे उतारे हवेत. मराठी कागदाचे प्रमाणित भाषांतर जोडावे लागते, आणि रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या दराने होतात. बँक कोणती, हेही एके काळी पाहिले जाई. ज्यांचे उतारे ग्राह्य नाहीत अशा बँकांच्या यादीत भारतातील अनेक सहकारी बँका होत्या. ज्या गावाची सारी पुंजी सहकारी बँकेत, त्या गावाने काय करावे?

ज्यांना शक्य होते त्यांनी वळसा घेतला. युरोपीय न्यायालयाने १९९२ साली सुरिंदर सिंग या भारतीय पतीच्या खटल्यात ठरवले होते, की ब्रिटिश जोडीदार दुसऱ्या युरोपीय देशात काम करून परतला तर युरोपचा उदार कायदा त्याच्यासोबत घरी येतो. म्हणून २०१२ नंतर कित्येक दांपत्ये आयर्लंडला जाऊन राहिली. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनला गेलेले आपले गोवेकर बांधव, ज्यांची स्विंडनमध्ये मोठी वस्ती आहे, तेही युरोपीय कायद्यामुळेच या रेषेबाहेर होते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरची संक्रमणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि नव्याने जाणाऱ्यांसाठी तेही दार मिटले.

दरम्यान फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची रेषा वैध ठरवली, परंतु मुलांच्या हिताकडे पुरेसे लक्ष न दिल्याबद्दल आणि निर्वाहाची इतर साधने सरसकट डावलल्याबद्दल शासनाला दोष दिला. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीत तरी आप्तांच्या मदतीचा विचार होऊ लागला. ११ एप्रिल २०२४ रोजी रेषा २९,००० पौंडांवर गेली. जे आधीपासून त्याच जोडीदारासह या वाटेवर होते, त्यांना जुनाच आकडा लागू राहिला.

त्या शेतकऱ्याची कन्या या जुन्या आकड्यातच बसत होती. जावयाचे काम कमी झाले होते. पण ती स्वतः तेथे एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली होती. दोघांच्या सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या एकत्र केल्यावर रक्कम पुरी झाली आणि परवाना वाढला. खोल्यांचे भाडे कोणी विचारलेच नाही. तरी मी त्या गृहस्थांना भाडे यापुढे बँकेतच घेण्यास सांगितले, आणि ज्यांची मुले परदेशी विवाहबद्ध होत आहेत त्या सर्वांना हेच सांगतो. बारा महिन्यांचा उतारा आयत्या वेळी निर्माण करता येत नाही.

स्थलांतरित कामगाराचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे, हा त्याचा हक्क असल्याचे व्हॅटिकनने १९८३ च्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत नमूद केले आहे. राज्याने खजिना सांभाळावा, खोटे विवाह हुडकून काढावेत. त्याविषयी आपली तक्रार नाही. परंतु बापाने बागेत घाम गाळून मिळवलेला पैसा केवळ समुद्रापलीकडचा म्हणून निर्वाहात धरायचा नाही, हा न्याय नव्हे. तो पैसा खरा आहे, हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. ते सिद्ध करणारी वही मात्र त्या गृहस्थांना मी देऊ शकलो नाही.