मद्रासच्या जी.एच.मधली मेंदूची शस्त्रक्रिया : एक मागोवा

चेन्नई सेंट्रलला उतरून बाहेर आले की रस्त्यापलीकडे सरकारी जनरल हॉस्पिटलची इमारत दिसते. रेल्वेने या शहरात आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ती पहिल्याच दिवशी पाहिलेली असते. २०११ पासून हॉस्पिटलला राजीव गांधींचे नाव आहे, पण ऑटोवाल्याला अजूनही ‘जी.एच.’ म्हटलेलेच लवकर कळते. १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात सुरू झालेले हे रुग्णालय. भारतातील मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासाची सुरुवातीची पाने वेल्लोरला आणि इथेच लिहिली गेली.

गणपतीच्या स्मरणिकेत हा विषय काढला की कोणीतरी गजमुखाची गोष्ट सांगणारच. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला इतिहासाचा पुरावा मागू नये आणि इतिहास म्हणून पुढेही करू नये. खरा इतिहास पुरेसा थरारक आहे.

१९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५० मध्ये, इंग्लंडातील न्यूकॅसलला प्रशिक्षण घेऊन आलेले डॉ. बी. राममूर्ती जी.एच.मध्ये कामाला लागले. वय अवघे अठ्ठावीस. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी याच सुमारास हे काम हाती घेतले. १९५१ साली चँडी, राममूर्ती, डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेव सिंग अशा चौघांनी मिळून न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. चौघेच, कारण या विषयाची माणसेच तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

त्या काळची मोठी अडचण म्हणजे कवटीच्या आतले दिसायचे कसे? साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, मेंदू दिसत नाही. मग कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत हवा भरायची आणि फोटो काढायचा. किंवा पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली दाखवलेल्या पद्धतीने मानेतल्या रोहिणीत सुई घालून औषध सोडायचे व रक्तवाहिन्यांचे चित्र घ्यायचे. गाठ दिसतच नसे. पोकळी कुठे दबली, वाहिनी कुठे सरकली, यावरून तिचा अंदाज बांधायचा. ‘मेंदूचे ऑपरेशन म्हणजे माणूस गेलाच’ ही आपल्या आजीची समजूत अगदीच निराधार नव्हती. रुग्ण येतही उशिरा, कवटीतल्या दाबाने दृष्टी गेल्यावर.

मेंदूतली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही इथल्या डॉक्टरांना पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा अधिक अनुभवाने कळले. त्यांच्याकडे क्षयाच्या गाठी, म्हणजे ट्युबरक्युलोमा, फार येत. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी अशी गाठ काढली तर क्षय मेंदूच्या आवरणात पसरण्याची धास्ती असे. औषधे आल्यावर ऑपरेशन सुसह्य झाले आणि पुढे पुष्कळ गाठी नुसत्या औषधांनीच विरघळू लागल्या. शस्त्रक्रियेच्या इतिहासात चाकू खाली ठेवता येणे हीसुद्धा प्रगतीच!

कंपवातावर गुणकारी गोळी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. तोवर डोक्याला चौकट बसवून, मोजमापाने मेंदूत खोल सुई नेऊन नेमका बिंदू निकामी करण्याची शस्त्रक्रिया हा मोठा आधार होता. या कामात राममूर्ती, व्ही. बालसुब्रमण्यम, एस. कल्याणरामन आणि टी. एस. कनका यांनी मद्रासचे नाव जगभर नेले. डॉ. कनका (१९३२-२०१८) या भारतातील पहिल्या महिला न्यूरोसर्जन. १९७५ साली त्यांनी मेंदूत कायमस्वरूपी विद्युत-तारा बसवल्या. आज कंपवातासाठी ज्याला ‘पेसमेकर’ म्हणतात, त्या वाटेवरचे हे फार लवकरचे पाऊल. रक्तदानाच्या विक्रमासाठीही त्यांचे नाव झाले होते. राममूर्तींना १९७३ साली पद्मभूषण मिळाले. सरकारी सेवेनंतर अडयारच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसमध्ये त्यांनी केंद्र उभारले, त्याला नाव आहे आयुर्वेदाचे पंडित डॉ. ए. लक्ष्मीपतींचे. २००३ च्या डिसेंबरात राममूर्ती गेले.

या सगळ्यांचे काम पालटले ते सीटी स्कॅनने. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड व कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. अंदाजाची जागा काही मिनिटांच्या चित्राने घेतली.

आपल्या घरांशी याचा सर्वांत जवळचा संबंध डोक्याच्या माराशी आहे. उस्मान रोडवर हेल्मेट हँडलला अडकवून जाणारे आपण रोज पाहतो. पडल्यावर तरुण मुलगा उठतो, बोलतो, ‘काही नाही झाले’ म्हणतो आणि काही तासांनी त्याची शुद्ध हरपू लागते. कवटी व आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असते. या मधल्या तासांत स्कॅन झाला तर तो बहुधा वाचतो. म्हणून मार लागल्यानंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा आवरता न येणारी झोप दिसली, तर ‘झोपू दे जरा’ म्हणू नये, थेट न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे.

वृद्धांचे याच्या उलट. न्हाणीघरात घसरलेले आजोबा तीन-चार आठवडे ठीक असतात. मग चाल अडखळते, नावे विसरतात, आणि घरात सगळे म्हणतात, ‘वय झाले’. तेव्हाही एक स्कॅन करून घ्यावा. आवरणाखाली हळूहळू साठलेले जुने रक्त असेल, तर बहुधा कवटीला एक-दोन लहान भोके पाडून ते काढता येते आणि अनेक आजोबा काही दिवसांत पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारू लागतात.