मत्स्यालय, नियंत्रक आणि खंडित वीज : एक इतिहास

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहरातील मिसिसिपीकाठच्या सार्वजनिक मत्स्यालयाची इमारत वादळातून तगली. पण शहराची वीज गेली, कर्मचाऱ्यांना बाहेर पडावे लागले आणि आणीबाणीसाठी ठेवलेले जनित्रही बंद पडले. सुमारे १०,००० माशांपैकी बहुतेक सर्व मेले. पेंग्विन, पाणमांजरे आणि एक मोठे हिरवे सागरी कासव मात्र वाचले. हे प्राणी फुफ्फुसांनी हवेत श्वास घेतात. माशांना हवा लागते ती पाण्यात विरघळलेली, आणि ती विरघळवत ठेवणारी यंत्रे थांबली होती.

ही घटना अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मत्स्यालयाच्या इतिहासाची दिशाच तीतून दिसते. ती समजण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

१८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केमिकल सोसायटीपुढे एक साधा प्रयोग मांडला. काचपात्रात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडते, मासा तो घेतो, गोगलगाय कुजकी पाने खाते. पाणी न बदलता हे पात्र टिकले. त्यात एकही यंत्र नव्हते, त्यामुळे बंद पडण्यासारखेही काही नव्हते. मर्यादा एवढीच की, पुष्कळ पाण्यात मोजकेच जीव राहू शकत. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, तेव्हा ही मर्यादा ठळकपणे जाणवू लागली.

पुढचे पाऊल विल्यम अल्फर्ड लॉइड यांचे. हॅम्बुर्ग येथे १८६४ मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये त्यांनी अभिसरणाची पद्धत वापरली. प्रदर्शनाच्या टाक्यांखाली अंधाऱ्या, थंड जागी पाण्याचा मोठा साठा ठेवायचा आणि पंपाने ते पाणी अखंड फिरवायचे. माशांची संख्या वाढवता आली. परंतु त्या दिवसापासून माशाचा श्वास इंजिनावर अवलंबून राहिला. लॉइड यांच्या योजनेत तळघरातील साठा हीच राखीव शक्ती होती, कारण मोठ्या जलसाठ्याचे तापमान आणि गुणधर्म हळूहळू बदलतात.

भारतात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय सुरू झाले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. १९०९ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याची पीएच श्रेणी मांडली, आणि जर्मनीत फ्रिट्झ हाबर व क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या इलेक्ट्रोडवरील संशोधन प्रसिद्ध केले. १९५० च्या दशकात लेलंड क्लार्क यांनी विरघळलेला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड तयार केला. १९७१ मध्ये बाजारात सूक्ष्मप्रक्रियक आला. हे प्रवाह एकत्र आल्यावर आजचा मत्स्यालय-नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर, शक्य झाला. तो तापमान, आम्लता आणि क्षारता सतत मोजतो, त्यानुसार हीटर, चिलर, दिवे, पंप चालवतो आणि बिघाड होताच मोबाइलवर सूचना धाडतो.

आता या इतिहासाचा हिशेब मांडू. प्रत्येक सुधारणेने त्याच पाण्यात अधिक जीव ठेवता आले, आणि प्रत्येक सुधारणेने वीज गेल्यानंतर हाताशी असलेला वेळ कमी केला. वॉरिंग्टन यांच्या पात्रावर वीज असण्या-नसण्याचा परिणामच नव्हता. माशांनी दाटलेल्या आधुनिक टाकीला काही तासच मिळतात. म्हणून नवा नियंत्रक घेताना पहिला प्रश्न, ‘तो काय काय मोजतो?’ हा नसावा. ‘वीज गेल्यावर काय चालू राहील, आणि किती वेळ?’ हा असावा.

आपल्या हवामानात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. समुद्राच्या पाण्यात तो आणखी जवळजवळ एक-पंचमांशाने कमी. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटतो त्याच वेळी मागणी चढते. गाळणयंत्रातील नायट्रीकारक जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या गाळणीतून प्रवाह थांबला की ते गुदमरतात, आणि वीज परतताच तेथील कुजलेले पाणी थेट टाकीत येते. अशा वेळी गाळणी धुऊन मगच सुरू करावी.

राखीव विजेचे गणित अवघड नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य टिकवण्यासाठी त्यातील निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे ५०० वॉट-तास उरतात. तेवढ्यावर २० वॉटचा हवापंप २५ तास चालेल, तर ३०० वॉटचा चिलर दोन तासही चालणार नाही. म्हणून क्रम ठरवावा लागतो. आधी हवा आणि प्रवाह, मग तापमान, आणि दिवे सर्वांत शेवटी.

दोन गोष्टी बहुधा विसरल्या जातात. पहिली, नियंत्रक स्वतः बिघडू शकतो. तो गप्प झाला तर प्रवाहाचा पंप चालू आणि हीटर बंद, अशी मूळ स्थिती जोडणीतच ठरलेली असावी. दुसरी, सूचना पाठवणारा राउटर राखीव विजेवर नसेल, तर वीज गेल्याची बातमी विजेबरोबरच जाते. त्यापेक्षा ठराविक वेळाने ‘सर्व ठीक’ असा संकेत बाहेर जावा आणि तो थांबला की दुसऱ्या टोकाला इशारा वाजावा.

हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. २०१० मध्ये तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोबिया माशाचे बंदिस्त प्रजनन भारतात प्रथमच यशस्वी केले. अशा कामात प्रजननक्षम मासे दीर्घकाळ जोपासावे लागतात आणि नाजूक पिल्लांना अहोरात्र हवा द्यावी लागते. काही तासांचा खंड महिन्यांचे काम पुसू शकतो. आणि खंड केवढा असू शकतो, हे आपण ३० व ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. त्या दोन दिवसांत उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या वीजजाळ्या कोसळल्या आणि ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश बाधित झाला.

न्यू ऑर्लिन्सचे मत्स्यालय २००६ मध्ये पुन्हा उघडले. जनित्र त्यांच्याकडे आधीही होते. अखेर नियोजनाचा कस लागतो तो राखीव यंत्रही बंद पडले तर काय, या प्रश्नावर. ज्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात किंवा घरी मत्स्यटाकी आहे, त्यांनी एका सुटीच्या दिवशी, स्वतः समोर बसून, मुख्य कळ दहा मिनिटे बंद करून पाहावी. काय चालू राहते आणि काय थांबते, याची नोंद करावी. नव्या नियंत्रकाची निवड त्या नोंदीवरून करावी.