आकाशवाणी, मुंबई : अस्मितावाहिनीचा प्रसारणदिवस

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून ५५८ किलोहर्ट्झवर प्रक्षेपित होणारी, पूर्वी ‘मुंबई ब’ या नावाने परिचित असलेली आणि मुख्यतः मराठी कार्यक्रमांना वाहिलेली वाहिनी म्हणजे अस्मितावाहिनी. केंद्राच्या १०४४ किलोहर्ट्झवरील ‘मुंबई अ’ किंवा संवादिता या वाहिनीकडे हिंदी, गुजराती आणि इतर भाषांचे कार्यक्रम आले. अस्मितावाहिनीवर संगीताला पुष्कळ जागा असली, तरी तिची ओळख घडवली ती बातम्या, भाषणे, मुलाखती, श्रुतिका आणि सूचना अशा बोलक्या कार्यक्रमांनी. केंद्राचे स्टुडिओ चर्चगेटजवळ बॅकबे रेक्लमेशन येथे आहेत आणि प्रक्षेपक मालाड पश्चिमेला मार्वे रस्त्यालगत. याच भागातून पुढे मढच्या कोळीवाड्याकडे वाट जाते.

मुंबईत नियमित नभोवाणीची सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी झाली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी संस्थेच्या केंद्राचे उद्घाटन त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. कंपनीचे १९३० मध्ये दिवाळे निघाल्यावर सरकारने ही सेवा ताब्यात घेतली आणि ८ जून १९३६ रोजी तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र म्हैसूरचा आहे. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तेथे चालवलेल्या खासगी केंद्राचे ते नाव होते आणि १९५० च्या दशकात ते साऱ्या राष्ट्रीय सेवेसाठी रूढ झाले.

प्रसारणदिवसाचे भाग ‘सभा’ या शब्दाने ओळखले जातात. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची अशा तीन सभा असून दोन सभांच्या मधल्या वेळेत प्रक्षेपण थांबवण्याची जुनी रीत होती. पहिली सभा पहाटे सहाच्या सुमारास संकेतधुनेने उघडते. तंबोऱ्याच्या साथीवरील व्हायोलिनची ही छोटी धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. मूळचे बोहेमियातील हे संगीतकार नाझी राजवटीमुळे परागंदा होऊन मुंबईस आले आणि येथील केंद्रावर काम करू लागले. धुनेनंतर वंदे मातरम्, मग भक्तिसंगीत आणि चिंतनपर चार शब्द असा क्रम लागतो. सकाळी सातनंतरच्या पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्या आणि साडेआठच्या, दीर्घकाळ दिल्लीहून वाचल्या गेलेल्या मराठी बातम्या या पहिल्या सभेच्या दोन खुंट्या होत. बातमीपत्र ठरल्या मिनिटाला सुरू होत असल्यामुळे घराघरांतली घड्याळे त्यावर लावली जात आणि शाळेची, गाडीची किंवा गिरणीच्या पाळीची घाई त्याच आवाजावर मोजली जाई.

दुपारची सभा घरी असलेल्या श्रोत्यांसाठी असे. ‘वनिता मंडळ’ या कार्यक्रमात पाककृतीपासून कायद्याच्या सल्ल्यापर्यंतचे विषय येत. मुलांसाठी ‘गंमत जंमत’, तर गिरण्या-कारखान्यांतील श्रमिकांसाठी ‘कामगार सभा’ होती. श्रोत्यांची अशी व्यवसाय-वयानुसार केलेली वाटणी आज काहीशी बाळबोध वाटते, परंतु जेव्हा घरात एकच संच असे आणि तो सगळ्यांचा असे, तेव्हा प्रत्येकाला दिवसातला आपला अर्धा तास हक्काने मिळवून देणारी हीच व्यवस्था होती.

श्रुतिका, म्हणजे केवळ आवाज, संगीत आणि ध्वनिपरिणाम यांवर उभे राहणारे नाटक, हा या केंद्राचा सर्वांत भरीव वारसा म्हणावा लागेल. ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेतील बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही पात्रे श्रोत्यांच्या घरातली माणसेच होऊन गेली. रंगमंचावर नट हाताच्या एका हालचालीने जे सांगतो, ते येथे उसासा, कपबशीचा आवाज किंवा नेमक्या जागी घेतलेला विराम यांतून सांगावे लागते. मायक्रोफोनपासूनचे अंतर हाच येथला नेपथ्यकार असतो. जवळून कुजबुजलेले वाक्य मनातले ठरते आणि दोन पावले मागे सरून म्हटलेले तेच वाक्य शेजारच्या खोलीतून आल्यासारखे ऐकू येते.

समुद्रकाठच्या केंद्राच्या दिवसात आणखी एक पदर असतो, तो मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्याचा. भारतीय हवामान विभागाचे मुंबईतील केंद्र महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी हे इशारे तयार करते आणि किनारपट्टीवरील आकाशवाणी केंद्रांवरून ते सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा चार वेळी स्थानिक भाषेत दिले जावेत, अशी योजना आहे. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरपेक्षा अधिक होण्याचा संभव असेल किंवा समुद्र अति खवळणार असेल, तर इशारा निघतो. बंदरावर चढवला जाणारा ‘तीन नंबरचा बावटा’ हा वेगळा संकेत असून तो बंदरातील नौकांसाठी वादळी वाऱ्याची सूचना देतो. त्यातली मेख अशी, की बावटा किनाऱ्यावरून दिसतो, तर आवाज बोटीपर्यंत जातो. मढ, भाटी, मनोरी येथील डोलकर खुंटांना बांधलेली डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर लावून बोंबील धरतात. हवामान फिरल्याची खबर वेळेत मिळाली तरच त्यांना जाळी उचलून परतता येते. नोव्हेंबर २००९ मधील फयान चक्रीवादळात कोकण किनाऱ्याने हा धडा फार महागात घेतला. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ या बोलक्या वाहिनीवरील सागरी हवामानवृत्ताला जवळजवळ काव्याचा मान मिळाला आहे. मराठीतल्या या इशाऱ्याकडे मात्र वाङ्मयाने अजून ढुंकूनही पाहिलेले नाही.

हा आवाज समुद्रावर पोचतो याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. ५५८ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर भरते. एवढ्या लांब लहरी जमिनीला किंवा पाण्याला धरून, पृथ्वीच्या वक्रतेबरोबर पुढे सरकतात. त्यांना भूतरंग म्हणतात. पृष्ठभाग जितका चांगला वीजवाहक, तितके ते दूर जातात आणि खारे पाणी कोरड्या जमिनीपेक्षा कितीतरी चांगले वाहक आहे. प्रक्षेपकाच्या मनोऱ्याला आकाशक, म्हणजे अँटेना, म्हणून वापरताना त्याच्या पायथ्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरले जाते, आणि खाडीकाठची क्षारयुक्त, दमट जमीन त्या कामी फारच सोयीची पडते. मालाडची दलदल बांधकामाला नकोशी असली, तरी नभोवाणीला ती वरदान ठरली. रात्री आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतील, शोषण कमी झाल्याने याच लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री दूरची केंद्रे एकमेकांत मिसळू लागतात.

खासगी एफएम वाहिन्यांच्या उदयानंतर मध्यम लहरींचा शहरी श्रोता ओसरला. आकाशवाणीचे कार्यक्रम आता मोबाइलवरील अॅपमधूनही ऐकता येतात. मात्र मोबाइल संचात मध्यम लहरींचा ग्राहक नसतो आणि अॅपला लागणारे नेटवर्क किनारा मागे पडला की सुटते. त्यामुळे खोल पाण्यात अस्मितावाहिनी ऐकायची, तर बोटीत सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टरच ठेवावा लागतो.