भाडेपावती एकाची, राहणारी दुसरीच

आपल्या गावातली किती घरं मुंबईच्या उपनगरांत पसरलीत! अंधेरीला दीर, घाटकोपरला नणंद, मुलुंडच्या चाळीत बहीण. खोली भाड्याची, पावती नवऱ्याच्या नावाची. नवरा गेला आणि मालक म्हणाला, ‘खोली खाली करा,’ तर त्या बाईनं जायचं कुठं?

१९४७ साली मुंबईत घरांची भारी टंचाई होती. त्या वर्षीच्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकलं आणि मुंबईतले भाड्याचे, ताब्याचे वाद लघुवाद न्यायालयाकडे दिले. लोक त्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात. ते धोबीतलावला आहे, शाखा वांद्र्याला.

भाडं गोठवल्याचंच सगळे बोलतात. आम्हाला त्यातलं दुसरं कलम मोठं वाटतं. भाडेकरू वारला, तर मरणसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जायचा. आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवायचं. थोरला मुलगाच, असं त्यात कुठंही नव्हतं. म्हणून कोर्टात प्रश्न यायचा तो राहण्याचा. रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, शेजारणीची साक्ष. वर्षानुवर्षं मुंबईत राहूनही जिचं नाव गावच्याच कार्डावर राहिलं, तिला तेच आडवं यायचं. मालक भाडं घेईना, तर शहाण्या बायका मनीऑर्डर करायच्या आणि परत आलेली मनीऑर्डरही जपून ठेवायच्या.

मालकांनीही वाट काढली. भाडेकरू म्हणायचंच नाही, ‘लायसन्स’वर ठेवायचं. मग कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर राहणारे भाडेकरू ठरले.

पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी नाही. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळाली. बरोबर राहणाऱ्याचा हक्क मात्र टिकला.

पण आज बोरिवलीत खोली घेणारी आपली लेक बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर असते. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथं लेखी करार हाच पक्का पुरावा. समन्स आल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य धरतात. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. करार नोंदवणं मात्र मालकाचं काम. त्यानं नोंदवला नाही, तर अटींबाबत लेकीचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक ते खोटं ठरवीपर्यंत.